आपाची विहीर आणि दोन पोती मीठ

पाणी तपासून घ्यायला आलेल्या माणसाच्या हातातली बाटली बघितली की मला पुढचं निम्मं कळायचं. सरबताची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली, गोडेतेलाचा डबा, आणि एकदा तर चक्क दारूची, तीही तळाशी घोटभर शिल्लक असलेली. "धुतली का हो?" विचारलं की गडी छाती पुढे काढून सांगणार, "दोनदा धुतली की म्याडम, साबण लावून!" आता मी साबण तपासू का विहीर तपासू? नांदेडला सरकारी पाणी-प्रयोगशाळेत नवीन नोकरी लागली तेव्हा मी अशा लोकांच्या अंगावर ओरडायचे. पुढे लातूरला बदली झाली, वय वाढलं, चष्मा लागला, ओरडणं मात्र तेवढंच राहिलं. माझे मिस्टर म्हणायचे, औषध कशाला टाकता पाण्यात, हिला नुसतं विहिरीत डोकावून बोलायला सांगा, जंतू आपोआप मरतील.

पण बाटलीपेक्षा मोठी अडचण आमच्या लोकांच्या चांगुलपणाची. मराठवाड्यात पाणी मागितलं की घरातलं सगळ्यात चांगलं पाणी मिळतं. तपासायची असते मागची विहीर, बाटलीत येतं माठातलं गाळलेलं पाणी. एका बाईंनी तर त्यात तुळशीची पानं घातली होती. विचारलं तर म्हणाल्या, "सरकारी हापिसात द्यायचं, आन् तसंच कसं द्यावं बाई?" मी हसले आणि बाटली परत दिली. पुढे अशाच एका बाटलीने माझी झोप उडवली, आणि एका भल्या बाईची अब्रू जवळजवळ गेली होती. तीच हकीगत सांगते.

मी जन्माने उदगीरची, अडतीच्या घरातली. वडील मूठभर तूर हातात घेऊन ओल सांगायचे. पाणी असं हाताला लागत नाही. गढूळ पाण्याची मला कधी फारशी भीती वाटली नाही, कारण ते कोणी पीतच नाही. घात करतं ते नितळ, गार, चवीला गोड लागणारं पाणी. लोकांना वाटतं जमिनीखाली एखादं तळं आहे, नाहीतर नदी वाहते. आमच्याकडे तसं काही नाही. खाली काळा पाषाण, पाषाणाला भेगा, आणि भेगांत पाणी. तुमच्या अंगणाखालची भेग शेजाऱ्याच्या विहिरीत कुठे उघडते, हे वरून कुणालाही दिसत नाही. आमचं सगळं काम ते वरून ओळखायचं.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नवीनच होते. पडलेल्या गावांच्या विहिरींचं पाणी कुठे लाल झालं होतं, कुठे दुधासारखं पांढरं. तिकडे पाणी पोचवायला टँकर लागायचे, आणि टँकर भरायला भरवशाची विहीर लागायची. लातूरच्याच जुन्या वस्तीतली एक विहीर मी तेव्हा तपासली. काठावर दगडी पायऱ्या, पाणी असं की तळाचा हंडा दिसावा. मी पास केली. विहिरीची मालकीण रझियाआपा, तिशीतली विधवा, सासऱ्यांची बेकरी बंद पडल्यावर शिवणकाम करणारी. तिने दिवसच्या दिवस टँकर भरू दिले. स्वतः दोरीजवळ उभी राहायची आणि ड्रायव्हरांना दटावायची, "चपला उतार! लोकांच्या तोंडात जायचं पाणी हाय हे."

मग काही वर्षांनी लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला पोरं येऊ लागली, देगलूरपासून, किनवटपासून, पार सोलापूरकडून. ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त त्याने हॉस्टेल काढलं, ज्याच्या हाताला चव त्याने मेस काढली. आपाने मेस काढली. शाकाहारी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. हॉस्टेलच्या मुली तिच्याकडे रांग लावायच्या. विहीर मेसच्या मागच्या अंगणातच, तेच पाणी स्वयंपाकाला, तेच प्यायला. आपाच्या घराला लागूनच तात्यांचं मुलींचं हॉस्टेल. तात्या मुरुडकडचे शेतकरी, बागायतदार, धिप्पाड गडी. शेती भावावर सोपवून इथे चार मजली इमारत उभी केली. दोघांचं एकमेकांशी चांगलं होतं. तात्यांच्या मुली आपाकडे जेवायच्या, आपाला भाजी तात्यांच्या शेतातली यायची.

एका वर्षी, परीक्षा तोंडावर आलेल्या, आणि तात्यांच्या हॉस्टेलमधल्या मुलींना कावीळ सुरू झाली. आधी दोघी, मग एका खोलीतल्या सगळ्या, मग शेजारच्या खोलीतल्या. आई-बाप धावत आले. सगळ्यांनी पहिलं बोट मेसकडे दाखवलं. मी आमच्या कार्यालयातून गायकवाडमामांना पाठवलं, आपाच्या विहिरीचं पाणी आणायला. गायकवाडमामा आमचे सगळ्यात जुने शिपाई, सचोटीचा माणूस. मी स्वतः जायला हवं होतं. माझ्या टेबलावर बाटल्यांचा ढीग होता, मी गेले नाही. ही माझी पहिली चूक.

पाणी तपासलं. पास! अगदी शंभर नंबरी. मी सही करून कागद पाठवला आणि मनात म्हटलं, चला, आपा सुटली. कसली सुटली? कागद गल्लीत गेला आणि तात्याच सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी चांगलं हाय म्हंजे खोट सैपाकात हाय." झालं! मुली जेवायला यायच्या बंद झाल्या. कोणीतरी मेसची पाटी उतरवून नालीत टाकली. काहीजण तर भलतंच बोलायला लागले, ते मी इथे लिहिणार नाही, माझी लेखणी त्याला तयार नाही. नगरपालिकेकडे अर्ज गेला, मेस कायमची बंद करा. दहा-बारा दिवसांत तपासणीला माणसं येणार होती.

आपा दुसऱ्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"बेटी, तू माझ्यासाठी चांगलं केलं का वाईट, सांग," ती म्हणाली. "वीस साल झाले मी पोरींना खिलवून राहिले. आज लोक म्हणून राहिले माझ्या हातात घाण हाय. माझे हात बघ!"

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. भाकरीने पोळलेले, पिठाने फुटलेले हात. मी आपली सरकारी भाषा बोलले, की आपा, मी काय करणार, पाणी चांगलं निघालं.

"निघणारच की!" ती फणकारली. "मामा तुमच्या हापिसातून आले. म्हटलं, साहेबलोकांकडं जायचं पाणी, असंतसं कसं देऊ? चांगलं उकळलं, दोनदा गाळलं, थंड केलं, मग दिलं."

मी खुर्चीतून उठले. गायकवाडमामा दारात उभे होते, त्यांचा चेहरा पडला. "बाईंनी चहा दिला म्याडम," ते पुटपुटले, "मी म्हटलं बाटली भरूनच आणून देतेत, तर..." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या कार्यालयातले लोक बाहेर आले. मग स्वतःवर मनात त्याहून जास्त ओरडले. आपाला जिने फासावर चढवलं ती तिची पाहुणचाराची सवय होती, आणि दोरी माझ्या सहीची होती.

त्याच दुपारी मी स्वतः विहिरीवर गेले. निर्जंतुक बाटली दोरीला बांधून सोडली, पाण्याला कुणाचा हात लागू दिला नाही. आमच्याकडे एक साधी छोटी बाटली असते, तिच्यात औषध लावलेला कागद. पाणी भरून उबदार जागी ठेवायची. पाण्यात माणसाच्या मैल्यातले जंतू असतील तर बाटली एक-दोन दिवसांत काळी पडते. ही बाटली सकाळपर्यंतच कोळशासारखी काळी. नायट्रेटही भरपूर, म्हणजे मैला मुरतोय. आता खोट सैपाकात नव्हती, पाण्यात होती. पण मी खुश होऊन आपाकडे जाणार तोच मला उमगलं की हिला मी काय सांगणार आहे. तुझ्या हातात घाण नाही, तुझ्या विहिरीत आहे. ज्या विहिरीचा हिला जन्मभर अभिमान, तीच.

मी सांगितलं. आपा विहिरीच्या काठावर बसली. मग म्हणाली, "म्हंजे पोरींना मीच पाजलं." मी म्हटलं, आपा, हे आपल्या दोघींत राहू दे, आधी मैला कुठून येतो ते शोधू. ती उसळली, "न्हाई! आत्ताच्या आत्ता सांग सगळ्यांना. अजून कुणी पिलं तर?" आणि तिने स्वतः विहिरीवर पत्रा टाकून वर दगड ठेवले.

आता शोधायचं काय, मैला कुठून येतो. आपाकडे संडास नगरपालिकेच्या गटाराला जोडलेला, तो मी तपासला, कुठे गळत नव्हता. मग मी आपाला एकच प्रश्न विचारला. ती दिवसभर दारात बसून भाज्या निवडते, गल्लीत कोण आलं-गेलं तिला ठाऊक. विचारलं, "तात्यांच्या हॉस्टेलची संडासाची टाकी उपसायला मैल्याची गाडी शेवटची कधी आली?"

आपाने डोळे मिटून आठवलं. "कधीच न्हाई," ती म्हणाली. "हॉस्टेल झाल्यापासून एकदाबी न्हाई."

चार मजले मुली, आणि टाकी कधी भरतच नाही! गटाराची मोठी लाइन आपाच्या घरापर्यंत येऊन थांबली होती, तात्यांकडे अजून पोचली नव्हती. मग तात्यांच्या टाकीतलं पाणी जातं कुठे? मी तात्यांकडे गेले. त्यांनी हात झटकले. "टाकी पक्की सिमेंटची हाय. थेंब गळत न्हाई." मी म्हटलं, मग मी तुमच्या संडासांत मीठ टाकते. टाकी पक्की असेल तर मीठ तुमच्यापाशीच राहील. गल्लीतले लोक, पालक, सगळे ऐकत होते. तात्या हसले. "एक काय, दोन पोती टाका. माझ्या शेतातून ट्रॅक्टर पाठवून देतो आणायला."

मिठाची गंमत अशी, की ते खडकाच्या भेगांतून पाण्याबरोबर जातं आणि वाटेत कुठे मुरत नाही. जिथे निघेल तिथे ते मोजता येतं. आधी तीन दिवस मी विहिरीचं पाणी रोज मोजलं, तात्यांनी स्वतः त्या कागदावर सह्या केल्या. मग गायकवाडमामांनी दोन पोती खडे मीठ बादल्यांत विरघळवून हॉस्टेलच्या सगळ्या मजल्यांवरच्या संडासांत ओतलं. चुकीची भरपाई म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला बादलीला हात लावू दिला नाही.

पहिल्या दिवशी विहिरीत काही नाही. दुसऱ्या दिवशीही आकडा तोच. तात्या बाहेर ओट्यावर बसून मोठ्याने म्हणाले, "म्याडम, लोणचं घालायचंय का विहिरीचं?" सगळी गल्ली खदखदली. माझं तोंड उतरलं. परवा नगरपालिकेची माणसं येणार होती. आपाने मला भाकरी वाढली. मला वाटलं, आपण चुकलो असलो तर ही बाई जन्मातून उठली.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, प्रयोगशाळेत जायचं नाही. जे काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. मेसच्या लांब टेबलावर मी ब्युरेट लावली, म्हणजे खाली तोटी असलेली काचेची मोजपट्टीची नळी. विहिरीचं पाणी काचेच्या चंबूत घेतलं, दोन थेंब औषध टाकलं, पाणी पिवळं झालं. आता वरून चांदीच्या क्षाराचे थेंब सोडायचे. पाण्यातलं मीठ संपेपर्यंत पिवळं पिवळंच राहतं, मीठ संपलं की विटकरी होतं. जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. हॉस्टेलच्या मुली भोवती जमल्या होत्या. या प्रयोगाचं समीकरण सगळ्यांना पाठ, एकीनेही ब्युरेट डोळ्यांनी बघितलेली नव्हती!

आधीच्या प्रत्येक दिवशी सहाच्या रेघेला रंग बदलला होता. सहा आलं. पिवळंच. सात. आठ. मी तोटी सोडत राहिले. दहा, अकरा, पिवळंच. एक मुलगी रेघा मोठ्याने वाचायला लागली, मग सगळ्याच वाचायला लागल्या, "बारा! तेरा! चौदा!" आणि चौदाच्या पुढे चंबूतला रंग फिरला, विटकरी. मुलींनी असा कल्ला केला की समोरच्या क्लासमधली पोरं गॅलरीत आली. मी चंबू उंच धरला आणि ओरडले, "तात्या! तुमचं मीठ आलं हो आपाच्या विहिरीत!" तीस वर्षांच्या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नाही. अगदी खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

तात्या उठून टेबलापाशी आले. चेहरा पांढराफटक. ते म्हणाले, "मागं कोरडी बोअर हाय. टाकीचा पाइप तिच्यात सोडलाय. पण म्याडम, बोअर तीनशे फूट, हीर पन्नास फूट. खालचं वर कसं येईल? आन् तुमीच तर सांगितलं होतं."

"मी?"

"गणपतीत भाषण केलंत की. कोरडी बोअर मेली म्हणून सोडू नका, घरातलं वाया जाणारं पाणी तिच्यात जिरवा, बोअर जित्ती हुईल. मी लई मन लावून ऐकलं. चार मजल्याचं पाणी वाया जात हुतं. म्हटलं, जिरवू."

भाषण मी केलंच होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. छपरावरचं पावसाचं पाणी म्हणायचं होतं मला. बोलण्याच्या भरात "घरातलं वाया जाणारं पाणी" म्हणून गेले असेन. ज्या गावात पाण्याच्या थेंबासाठी लोक रात्रंदिवस जागतात, तिथे कोणाला संडासाचं पाणीही वाया गेलेलं बघवत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बोअरला वरचे काही फूटच पाइप असतो, खाली उघडा खडक, आणि भेगा वरच्या पन्नास फुटांतच जास्त, म्हणजे घाण तळाला जायच्या आधीच त्यांतून विहिरीत शिरते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, यात अर्धी चूक माझी आहे." मला वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात कोणीतरी पालक म्हणाला, म्हणजे या बाईंचा काही दोष नव्हता. आपा पुढे आली. "दोष न्हाई कसा?" ती म्हणाली. "पाणी माझंच होतं. घाण माझी नव्हती, पण पाजलं मीच." ती मुलींकडे वळली, "माफ करा गं पोरींनो." आणि मग त्या मुली, आजारातून उठून जेमतेम उभ्या राहिलेल्यासुद्धा, तिच्या गळ्यात पडल्या. नालीत पडलेली पाटी तात्यांनी स्वतः हाताने काढली, धुतली आणि खुर्चीवर चढून लावली. नगरपालिकेची माणसं आली तेव्हा मेसमध्ये जेवणाची रांग होती. बंद करण्याचा अर्ज त्यांनी जागेवरच फाडला. पाणी तेवढं टँकरचं, उकळलेलं.

पण विहिरीला माफी मागून भागत नाही. तात्यांनी पाइप तोडला, बोअर शाडू आणि सिमेंटने बुजवली, टाकी उपसायला गाडी लावली. विहीर पुन्हा पुन्हा उपसली, औषध टाकलं. तरी दर दोन महिन्यांनी मी बाटली घेऊन जायची आणि बाटली काळी. एकदा करडी, पुन्हा काळी. जमिनीत गेलेली घाण आपल्या सोयीने बाहेर येत नाही, तिचा तिचा वेळ घेते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आपा दर वेळी पत्रा उचलून द्यायची आणि काही न विचारता परत टाकायची. तात्या आपल्या ओट्यावरून बघत बसायचे, पण अंगणात पाऊल टाकायचे नाहीत. शेतातली भाजी ते दारात ठेवून जायचे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा बाटली दोन दिवस तशीच राहिली, पिवळसर, स्वच्छ. माझा विश्वास बसेना. पुन्हा पाणी आणलं, पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. नायट्रेट उतरलेलं, क्लोराइड जुन्या आकड्यावर. मी कागद टाइप होण्याचीही वाट बघितली नाही, हातानेच लिहिला आणि रिक्षा केली.

त्या दिवशी गल्लीत टँकर आला नव्हता. हॉस्टेलच्या मुली रिकाम्या बादल्या घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या, तात्या फोनवर टँकरवाल्याची मनधरणी करत होते. मी आपाला कागद दिला.

"चश्मा न्हाई, तूच सांग," ती म्हणाली.

"पास आहे आपा. पिण्याला योग्य. तीनदा बघितलं."

आपाने डोळ्याला पदर लावला. मी तर सरळ रडले, लपवत नाही. मग तिने एकटीने दगड बाजूला लोटले, पत्रा ओढला, घागर सोडली आणि भरून वर काढली. ओंजळीत घेऊन ती पाणी प्यायली. एक ओंजळ मला दिली. मग भिंतीपलीकडे बघून हाक मारली, "तात्या! टँकरवाल्याला न्हाई म्हण. पोरींना घेऊन ये."

मुली धावत आल्या. तात्या मागून आले, हातात मोठी कळशी. चपला बाहेर काढल्या आणि विहिरीच्या काठापासून चार हात लांब थांबले. मान खाली.

आपाने दोरी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"खाली काय बघून राहिला तात्या? तुझ्या पोरी तहानल्यात. ओढ."